दुसरी हाक

शेवटच्या साध्या दिवशी, मंगळवारी, केल्लाच्या बापाने दुपारच्या जेवणाला परातीशेजारी गिटारचं एक पेडल आणून ठेवलं होतं, आणि त्यावरून आत्या त्याच्यावर उखडली होती.

“निदान भाकरी खाताना तरी त्या डब्याकडे पाठ कर,” शेतीमाआत्या म्हणाली.

“डबा काय म्हणतेस? भोचक बाई आहे ही. आपण काही बोललो की तेच पुन्हा पुन्हा बोलून दाखवते.”

“मग तशी एक आहे की घरात,” केल्ला म्हणाली.

आत्याने तिच्या मनगटावर चमचा मारला. बाप हसला. हसताना तो, तिकडचे सगळे पुरुष बांधतात ते तोंडावरचं निळं फडकं तळहाताने दाबून धरायचा, समोर सख्खी बहीण आणि पोटची मुलगीच असली तरी.

त्याचं नाव आता वाळवंटातल्या तामनरासेतमध्ये कोणी घेत नाही, म्हणून इथेही नको. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारलं की तो वाटेत थबकतो आणि मागे वळतो, असं तिथे मानतात. एवढंच सांगायचं की त्या गावात लग्न म्हणजे गिटार, आणि गिटार बिघडली म्हणजे तो. तारा, पिकअप, फुटके ॲम्प्लिफायर, वाळू खाल्लेली बटणं, सगळं त्याच्या दुकानात यायचं. परातीशेजारचं पेडल त्याने थंडीतल्या जत्रेत उचललं होतं, नायजेरहून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या ढिगातून. पंजाएवढी हिरवी लोखंडी पेटी, एका बटणाची टोपी गायब, रंग पायांनी घासून गेलेला. आधी ती कोणाकोणाच्या पायाखाली होती हे व्यापाऱ्यालाही माहीत नव्हतं. गिटारचा सूर तिच्यातून गेला की मागोमाग त्याचा पडसाद यायला हवा. तो येत नव्हता.

“आत काय असतं ठाऊक आहे?” बाप म्हणाला. केल्ला शाळेत मुलींना भौतिकशास्त्र शिकवत होती, तिला ठाऊक होतं. पण तिने मान हलवून नाही म्हटलं, कारण त्याला सांगायचं होतं.

“विहिरीपासून तंबूपर्यंत बायकांची रांग समज. चार हजार बायका. बादली या हातातून त्या हातात. सूर म्हणजे पाणी. पहिलीने भरलं, शेवटचीपर्यंत पोचलं, की तो पडसाद. पण ‘दे पुढे, दे पुढे’ म्हणणारा एक मुकादम लागतो. तो मुकादम मेलाय. बायका बादल्या धरून उभ्या आहेत बिचाऱ्या. नवा आयसी अल्जिअर्सहून मागवलाय, बसने येईल.”

“आणि शेवटची बाई पाण्याचं काय करते?”

“ओतून टाकते. सेकंदाचा तिसरा हिस्सा, की खेळ खलास. यातली एकही बादली घरी नेत नाही.” मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने फडकं दाबलं. “ओसाडीतल्या भुताखेतांची मात्र पंचाईत होणार बघ. ते हाक मारतात एकदा, माणूस मारतो दोनदा. आणि ही बया मारणार पाच वेळा! काय समजायचं कोणी?”

“त्यांची थट्टा करू नये,” आत्या म्हणाली.

“थट्टा कसली? धंदा वाढवतोय त्यांचा.”

जेवण झाल्यावर तो पेडल घेऊन दुकानात गेला. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे लोखंडी शटर, अंगणाकडे एक दार. आत्या शेजारी गेली. केल्ला डाळिंबाच्या झाडाखाली चटईवर परीक्षेच्या वह्या घेऊन बसली. चौतीस वर्षांची ती, नवऱ्याला सोडून बापाच्या घरी परतली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि त्यावरून त्या घरात कोणी कधी उसासा टाकला नव्हता. आई ती लहान असतानाच गेलेली. दुकानातून सोल्डरचा जळका, राळेसारखा वास येत होता. दुपारची अजान झाली. मशिदीच्या भोंग्यात महिनाभर घरघर होती. तार बदला म्हणून बापाने दोनदा सांगून पाहिलं होतं.

त्यानंतर थोड्या वेळाने हाक आली.

“केल्ला.”

दुकानातून आली. फडक्यातून गाळल्यासारखी, फार मोठी नव्हे. केल्लाने मान वर केली आणि लाल पेन तसंच हातात धरून ती थांबली. दुसऱ्या हाकेसाठी.

हे तिला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं, गाव सोडून शेळ्यांमागे राहायचे त्या दिवसांत. माणूस दोनदा हाक मारतो. ओसाडीतले एकदाच मारतात, आणि एका हाकेला ओ दिली की ओ देणारा त्यांचा होतो. ती पाच वर्षांची असल्यापासून त्याने तिला कधीही एकदाच हाक मारली नव्हती. तिचा त्यावर विश्वास नव्हता. सवय होती, आणि सवय विश्वासापेक्षा चिवट असते.

दुसरी हाक आली नाही. तिला वाटलं, स्वतःशीच काही बोलला असेल. तिने एक वही तपासली, मग आणखी एक. तिसरी उघडताना स्टूल घसरल्याचा आवाज आला, आणि मग ती धावली.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला की पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर कदाचित... आणि तिच्या तोंडाकडे पाहून गप्प झाला. केल्लाने सगळ्यांना सांगितलं की ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. आत्यालाही तेच सांगितलं.

*

मग लोक त्याच्या नावाला वळसा घालून बोलू लागले. ‘दुकानवाला’, ‘तुमचा तो’, ‘आपला गेलेला’. चौथ्या दिवशी शटरवरच्या पाटीवरच्या त्याच्या नावावर कोणीतरी चुना फासून गेलं. चांगल्या मनानेच. केल्लाने ओल्या फडक्याने तो पुसून काढला. पाचव्या दिवशी पुन्हा चुना. तिने पुन्हा पुसला. सहा वेळा हे झालं, मग चुनेवाला थकला. गाव तिच्याशी भांडलं नाही. त्या पाटीखालून जाताना लोक फक्त मान खाली घालायला लागले.

“कशाला त्याची वाट अडवतेस?” आत्या म्हणाली.

“पाटीने कोणाची वाट अडत नाही.”

“पुस्तकं वाचून डोळे गेले तुझे. चाळिसाव्या दिवसाच्या आत दुकान रिकामं करू. ज्याचं त्याला देऊन टाकू. जिवंत माणसाच्या हाती गेली की वस्तू सुटते.”

“देऊ. पण आधी हातातलं काम पुरं करते.”

“कोणाच्या हातातलं?” आत्याने विचारलं.

आयसी तेविसाव्या दिवशी आला. बसच्या कचेरीच्या खिडकीतल्या बाईने पाकीट पुढे सरकवलं तेव्हा तिचा अंगठा नेमका त्याच्या नावावर होता. सही होईपर्यंत तिने तो उचलला नाही.

शुक्रवारी दुपारी, शाळेला सुट्टी असताना, केल्लाने दुकान उघडलं. टेबलावर त्याने टाकून ठेवलेलं सगळं तसंच होतं. चहाचा ग्लास, तळाशी सुकलेला काळा थर. मऊ फडक्यावर उलथं घातलेलं पेडल, पोट उघडं, चार स्क्रू एका बाटलीच्या झाकणात. आधीच्या कुठल्या तरी मालकाने आत ओबडधोबड सोल्डर थापलं होतं. बापाने त्यातलं निम्मं साफ केलं होतं, निम्मं राहिलं होतं. ते तिने पुरं केलं. आठ पायांचा जुना आयसी काढला, नवा बसवला. भिंतीवरची त्याची गिटार पेडलला जोडली, पेडल ॲम्प्लिफायरला, आणि तार छेडली.

पडसाद आला. सेकंदाचा तिसरा हिस्सा, बरोबर.

केल्ला रडणाऱ्यातली नव्हती. तिने शाळेतून आणलेला ऑसिलोस्कोप लावला, मुकादम किती वेगाने हाकतोय ते पाहायला. पडद्यावर हिरवी रेघ सरळ होती. नव्या आयसीतून काहीच निघत नव्हतं. तिने तार पुन्हा छेडली. पडसाद आला. रेघ सरळच. तिने ऑसिलोस्कोपची तपासणी केली, त्याची तार बदलली, घरातल्या विजेवर लावून पाहिला. यंत्र चोख होतं. बायका बादल्या पुढे देत होत्या, आणि ‘दे पुढे’ म्हणणारं कोणी नव्हतं.

तिने वहीत तारीख घालून लिहिलं: घड्याळ, म्हणजे मुकादम, बंद; पडसाद चालू. कारण सापडत नाही. आणि खाली एक रेघ मारली, मुलींना मारायला सांगते तशी, पट्टी लावून.

*

शनिवारी अघाली आला. लग्नांत वाजवणारा, उंच, बडबड्या. पेडल त्याच्याचसाठी दुरुस्त व्हायचं होतं.

“काय मास्तरीणबाई, बापापेक्षा महाग लावणार की काय?” तो आत येत म्हणाला, मग चपापला. “म्हणजे, आपल्या त्याच्यापेक्षा.”

“बस. वाजवून बघ. अजून पुरतं झालेलं नाही.”

“गुरुवारी लग्न आहे. नवरीचा बाप उंटांच्या शर्यतीतला, त्याला सगळं दोनदा ऐकायला लागतं. एकदा कानाने, एकदा अकलेने.”

त्याने गिटार मांडीवर घेतली, एक लहानशी चाल वाजवली आणि हात थांबवला. पडसाद आला नाही. त्याने पेडल पायाने दोनदा दाबलं. काही नाही. केल्लाने चहा ओतला. त्याने गिटार बाजूला ठेवून ग्लास उचलला, पहिला घोट घेतला, आणि तेवढ्यात ॲम्प्लिफायरमधून त्याची चाल आली. स्वच्छ, पूर्ण.

“आळशी आहे!” अघाली खदखदून हसला. “माझा मेहुणा असाच. सोमवारी विचारलं तर बुधवारी सांगतो.”

केल्लाने घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद होऊन गेले होते. त्या पेटीत चाळीस सेकंद राहायला जागा नाही, हे तिला बोटांवर मोजून सांगता आलं असतं.

ती वही ओढत होती तेव्हा ॲम्प्लिफायर खरखरला आणि म्हणाला: “काय मास्तरीणबाई, बापापेक्षा महाग लावणार की काय?”

मग थोडं थांबून: “म्हणजे, आपल्या त्याच्यापेक्षा.”

तेव्हा गिटार भिंतीवर होती. तिला कोणी हातही लावला नव्हता.

अघालीने ग्लास खाली ठेवला. गळ्याशी सैल सोडलेलं फडकं त्याने नाकाच्या वर ओढून घेतलं, परक्या माणसासमोर ओढतात तसं. खोलीत परकं कोणी नव्हतं.

“लग्न साध्या गिटारवर होईल,” तो दारातून म्हणाला. “नवरीचा बाप तसाही बहिरा आहे.”

रविवारी शाळेतून आल्यावर तिने पेडल चालू केलं आणि काही वाजवलं नाही. नुसती बसून राहिली. बऱ्याच वेळाने शुक्रवारचं दुकान ऐकू आलं: शटर वर जाण्याचा आवाज, मग तिची स्वतःची पावलं, आणि सोल्डर वितळताना होणारा बारीक चर्र. सोमवारी आठवड्यापूर्वीची रात्र आली, बंद खोलीत उंदीर कागद कुरतडत होता. तिने वहीत चार दिवसांचे आकडे मांडले आणि आलेख काढला. रोजची उडी आदल्या दिवसाच्या उडीपेक्षा मोठी होती. वक्र पुढे वाढवला तर तो एक-दोन दिवसांतच त्या मंगळवारच्या दुपारी पोचणार, हे तिसरीतल्या पोरीलाही दिसलं असतं.

तिने पेन्सिल खाली ठेवली. तिला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. ज्या पेटीतली एकही बाई बादली घरी नेत नाही, तिथे कोणीतरी सत्तावीस दिवसांची बादली डोक्यावर घेऊन उभी होती.

*

मंगळवारी आत्या दुकानात आली ती ज्याचे त्याला परत द्यायचे डबे मोजायला. केल्लाने ॲम्प्लिफायर बंद केला नाही.

“ऐक,” ती म्हणाली.

“काय ऐकू? ती घरघर?”

मग घरघरीतून बायकांचं रडणं वर आलं. लांबून, भिंतीपलीकडून, अंगणातून यावं तसं. त्या दिवशी अंगण बायकांनी भरलं होतं, आणि दुकानात हे पेडल पोट उघडं टाकून पडलेलं होतं, मुकादमाशिवाय, बॅटरीशिवाय. एक रडणं बाकीच्यांहून वेगळं झालं. जवळ आलं. अंगणाकडचं दार करकरलं. कोणीतरी एकटं आत आलं आणि टेबलाशी थांबलं. आणि मग शेतीमाआत्याच्या आवाजात, कुजबुजल्यासारखं, एक नाव आलं. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. लहान भावाला झोपेतून उठवावं तसं.

आत्या डब्यांना धरून उभी होती.

“तेव्हा इथे कोणी नव्हतं,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हतं.”

“मी कोणाला सांगितलं नाही.”

“मीही सांगणार नाही.”

“मूर्ख आहेस का तू? सांगायचा प्रश्न आहे का हा?” आत्या पुढे झाली, पेडलच्या मागचं झाकण नखाने उघडलं, बॅटरी ओरबाडून काढली. ओढणीच्या टोकाला तिच्या किल्ल्या बांधलेल्या असायच्या. त्याच गाठीत तिने बॅटरी बांधली आणि टोक खांद्यामागे टाकलं. पाठीवर ते ठक्कन आपटलं. “मी नाव घेतलं म्हणून तो वळला. पाप माझं. पण तू त्याला आत घेऊ नकोस. उद्या हे तुला हाक मारेल, केल्ला. मला माहीत आहे कसं असतं ते. एकदाच मारेल. त्याची असती तर दोनदा आली असती. एवढं लक्षात ठेव आणि तोंड मिटून बस.”

केल्लाच्या घशाशी एक वाक्य आलं. अठ्ठावीस दिवस ते तिथेच होतं, गच्चीवरच्या कपड्यांच्या खाली. तिने ते परत गिळलं.

“आत्या, तो नियम त्याने शिकवला,” ती म्हणाली. “तो गेला. नियम कशाला राहिलाय मागे?”

“आपल्याला राखायला.”

“कोणाला राखलं त्याने?”

आत्याने ओढणीची गाठ घट्ट आवळली. “उद्या सकाळी मी हे वाळूत पुरून येणार,” ती म्हणाली. “गाढवावर घालून, दूर.”

“नाही,” केल्ला म्हणाली. आवाज चढवला नाही. “हे माझ्या बापाचं काम आहे, अजून पुरं झालेलं नाही. ज्याला पुरायचंय त्याने आधी मला उचलावं.”

त्या रात्री दोघी एकाच परातीत जेवल्या. दुकानाची किल्ली केल्लाने उशीखाली घेतली.

*

बुधवारी तिने शाळेला कळवलं की ताप आहे. दुपारी कोपऱ्यावरून नवी बॅटरी आणली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पांढरं ऊन शटरच्या फटीतून आत येऊन जमिनीवर सुरीसारखं पडलं होतं. तिने अंगणाकडच्या दाराला आतून कडी घातली. ॲम्प्लिफायर चालू केला. स्टूल पुढे ओढलं, त्याच स्टुलावर बसली.

बॅटरीवरचं प्लास्टिक सोडायला तिने नख लावलं तेव्हा अजान सुरू झाली.

नख थांबलं. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दुपारच्या अजानीला अजून वीस मिनिटं होती.

आणि अजानीत घरघर होती. मशिदीवाल्यांनी भोंग्याची तार बदलली होती, तो गेल्यावर दोन दिवसांनी. गेला महिनाभर ती अजान काचेसारखी स्वच्छ ऐकू येत होती.

घरघरणारी अजान संपली.

मग खोलीत कोणीतरी काम करू लागलं.

स्क्रू झाकणात पडले. एक, दोन, तीन, चार. ग्लास उचलला, ठेवला. सोल्डर चरचरलं. धूर दिसला नाही, पण राळेचा वास आला, हे तिने नंतर शपथेवर सांगितलं असतं, कोणी विचारलं असतं तर. फडक्याच्या आत कोणीतरी गुणगुणत होतं, चाल अर्ध्यावर सोडत, पुन्हा धरत. तो नेहमी अर्ध्यावर सोडायचा.

“मुकादम मेला,” तो स्वतःशी म्हणाला. “बायका उभ्या.”

खूप दूर, अंगणात, कागद उलटल्याचा आवाज आला. वहीचं पान. केल्लाला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता.

मग दाराबाहेर, आजच्या अंगणात, पावलं. कडी हलली.

“दार उघड,” आत्या म्हणाली. “कोणाशी बोलतेस?”

केल्ला बोलत नव्हती.

“दार उघड गं! माझं ऐक. एवढं एकदा ऐक.”

ॲम्प्लिफायरमध्ये गुणगुणणं थांबलं. एक खोकला. स्टूल करकरलं, तिच्या बुडाखालचं नव्हे, ते दुसरं. टेबलावर तळहात टेकला गेला, जड. श्वास आत ओढला गेला आणि तिथेच अडला.

तिला माहीत होतं आता काय येणार.

“केल्ला.”

एकदाच. फडक्यातून गाळलेली. फार मोठी नव्हे.

मग शांतता पडली. ही शांतता तिच्या ओळखीची होती. तिच्यात दोन वह्या मावल्या होत्या. शेवटी स्टूल घसरणार होतं.

ती वाट पाहत राहिली. स्टूल घसरलं नाही. शांतता संपली नाही. पलीकडे कोणीतरी श्वास धरून होतं.

दारावर मुठी आपटल्या.

“केल्ला! केल्ला!” आत्या ओरडली. दोनदा, माणसं मारतात तशी.

केल्लाने खाली पाहिलं. बॅटरी तिच्या मुठीत होती, प्लास्टिक अजून न फाडलेलं. समोर पेडलच्या मागचं झाकण उघडं होतं आणि आतली चौकोनी जागा रिकामी होती.

तिने दाराकडे पाठ केली.

“ओ, अब्बा,” ती म्हणाली. “ऐकलं मी. तेव्हाच ऐकलं होतं. आले.”